पासवर्डची सावड

कापलेल्या भाताचा वास आला की मला राग येतो. चारचौघांत हे बोलायची सोय नाही. शहरातले पाहुणे धसईला गाडीतून उतरतात, छाती भरून श्वास घेतात आणि डोळे मिटून म्हणतात, "अहाहा!" मी त्यांच्या शेजारी दात आवळून उभा असतो. बायको म्हणते, "पित्त झालंय तुमाला." असेल. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या सगळ्या रागांना घरात पित्त हे एकच नाव असतं. पण माझ्या पित्ताचा हंगाम ठरलेला आहे. दसरा सरतो, उन्हाला चटका येतो, लवकर पिकणारं हळवं भात आडवं पडू लागतं आणि ते वर येतं. खळी उठेपर्यंत उतरत नाही.

यंदाही आलं. आता आमच्याकडे कापणीला यंत्र येतं. सकाळी खाचरात शिरतं आणि दुपारपर्यंत सगळं शेत गिळून धूर सोडत दुसऱ्याकडे जातं. वास मात्र तोच ठेवून जातं, मेलं.

दिवाळीला मुलगी घरी आली होती. ती ठाण्याला एका कंपनीत आहे. तिच्या कंपनीने सगळ्यांना शिकवणी दिली म्हणे: पासवर्ड कोणाला सांगू नका, आईला नाही, नवऱ्याला नाही. ते सांगताना तिला हसू आवरेना. "बाबा, तुमची ती पासवर्डची गोष्ट सांगा ना."

ही गोष्ट आमच्या घरात प्रसिद्ध आहे. मी ती सोंगं काढून सांगतो. साहेबांचा आवाज काढतो, आईची घाबरगुंडी करून दाखवतो, आणि शेवटी छाती पुढे काढून म्हणतो, "मग काय, गेलो केबिनमध्ये, आणि तोंडावर सांगितलं, साहेब, ही चूक माझी आहे!" सगळे हसतात आणि मी चकली उचलतो. यंदा मी त्या वाक्यापाशी आलो आणि अडलो. चकली हातातच राहिली. "चहा टाका," म्हणालो आणि उठून अंगणात गेलो. त्या वाक्याच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ दिवस मी गेली कित्येक वर्षं गाळत आलो आहे. चोर आहे मी. स्वतःच्याच गोष्टीतून चोरतो.

तेव्हा ते दिवस आता इथे लिहितो. हसायच्या जागाही लिहितो, कारण त्याही खऱ्या होत्या.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता. तिथे मी ऑफिसात कंत्राटी कामगार होतो, तेव्हा सहा वर्षं झाली होती. मोबाईल नुकते खिशात येऊ लागले होते, आणि कंप्युटर म्हटलं की लोक अजून हात पुसून जवळ यायचे. मी एकदा एका मशीनमधला व्हायरस काढला होता. कसा काढला ते मलाही कळलं नव्हतं, पण त्या दिवसापासून मी कंप्युटरवाला झालो. कारखान्याची हजेरी कंप्युटरवर आणली तीही मीच. सकाळी आपला पासवर्ड टाकायचा, आत शिरायचं, की लागली हजेरी. वहीची गरज नाही, सहीची नाही. मी त्या वेळी असा काही मिरवलो होतो की जणू कंप्युटरचा शोध धसईलाच लागला.

त्या वर्षी परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने कारखान्याला लांबलचक फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता: माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणावर आहे, आणि त्या माणसाकडे प्रमाणपत्र कोणतं? आमच्या मॅनेजर साहेबांनी केबिनच्या काचेतून बाहेर बघितलं. बाहेर मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होतो.

"तुला सिक्युरिटीतलं कळतं ना रे?"

"साहेब, गेटवर उभं राहायला माझी उंची कमी पडेल."

"कंप्युटरची सिक्युरिटी, गाढवा. परीक्षा असते. ठाण्याला. नोव्हेंबरात पास होऊन ये, मी तुला कायम करतो."

कायम. सहा वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो साहेबांनी जांभई देता देता टाकला. माझे सासरे किन्हवलीचे. दर दिवाळीला माझ्या हातात फराळाचं ताट देताना ते विचारत, "जावईबापू, झालात का कायम?" आणि दर दिवाळीला माझ्या घशात शंकरपाळा अडकायचा.

पुस्तक इंग्रजी होतं. कल्याणहून त्याची झेरॉक्स काढून आणली, तारेत बांधून. वजन असं की आईने एकदा ते लोणच्याच्या बरणीवर ठेवलं, झाकण दबावं म्हणून. मी ते बरणीवरून काढून शेतावर नेलं. कापणी तोंडावर आली होती आणि अभ्यासाला वेगळा वेळ कुठून आणणार? बांधावर पुस्तक उघडून ठेवायचं, एक पान वाचायचं, ओळ कापत जायची, परत येताना घोकायचं. गोपनीयता, अचूकता, उपलब्धता. या शास्त्राचे हे तीन खांब. विळ्याच्या प्रत्येक ओढीला एक खांब. आई मागून पेंढ्या बांधत येत होती. दुसऱ्या दिवशी तिने सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, बांधाआड नेलं.

"गो, याला काय लागलंय का? कालपासून येकच बोलतो."

"परीक्षा हाय त्यांची, आई."

"या वयात कसली परीक्षा? बघ हां, नायतर भगताकडं नेऊन आणू."

रविवारी मी शहापूरला जायचो. तिथे मेहुण्याचं सायबर कॅफे होतं. त्याच्याकडे बसून सरावाचे प्रश्न सोडवायचो. माझ्या रागाची सुरुवात झाली ती तिथे. प्रश्नाखाली चार उत्तरं असत आणि चारही बरोबर असत. त्यातलं सर्वांत बरोबर कोणतं ते निवडायचं. ही काय पद्धत झाली? आमच्याकडे चार गोष्टी बरोबर जुळल्या तर लग्न उरकून घेतात. इथे तीन बरोबर उत्तरांना चूक म्हणायला शिकत मी अख्खा रविवार घालवायचो आणि संध्याकाळच्या एसटीत खिडकीच्या गजावर डोकं आपटत परत यायचो.

आता सावडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावर उभं आहे.

कापणीला आमच्याकडे मजूर लावत नसत. आज सहा घरं मिळून तुमच्या शेतात, उद्या तीच सहा घरं आमच्या शेतात. ही सावड. तिचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही आणि कोणी शिकवतही नाही. कापायला आलेल्यांपैकी कोणाच्या हातून कणसं गळली, कोणाची पेंढी वाटेत सुटली, हे शेताचा धनी कधी बोलून दाखवत नाही. माझ्या शेतात झालं ना, मग ते माझं. झालं, संपलं. जो बोलून दाखवतो त्याच्याकडे पुढच्या वर्षी कोणी येत नाही.

कारखान्यातले निम्मे लोक आमच्यासारखेच, घरी भात असलेले. कापणीत रजा द्यायची नाही असा साहेबांचा हुकूम. मग आम्ही काय केलं, तर पासवर्डची सावड घातली. तीन दिवस मी माझ्या शेतावर. माझ्या नावाने आत शिरून माझं काम स्टोअरमधल्या बुधाने करायचं. पुढचे तीन दिवस तो त्याच्या शेतावर. त्याच्या खुर्चीवर मी. दोन माणसांची कामं, दोन हजेऱ्या, आणि खुर्चीवर एकच माणूस. सगळ्या ऑफिसात हेच. सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांना पाठ. खुद्द साहेबांचाही, कारण त्यांची पत्रं शिपाईच टाइप करायचा. आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. मी बांधावर बसून 'पासवर्ड ही ज्याची त्याने जपायची गोष्ट आहे' हे वाक्य पाठ करत होतो, आणि त्याच वेळी माझ्या पासवर्डने बुधा मुरबाडात माझी हजेरी लावत होता. असा माझा अभ्यास.

बुधा आमच्या वरच्या अंगाच्या वाडीतला, डोंगराला लागून. त्यांची घरची बोली वेगळी, माझ्याशी बोलताना तो आमची वापरायचा. वाडीत बारावी झालेला पहिला आणि कंप्युटरला हात लावलेलाही पहिला. तोही कंत्राटीच. स्टोअरला आलेल्या मालाची नोंद करायचा, दोन बोटांनी, एकेक आकडा बोलून. मी त्याला हसायचो. पण दोन वर्षांत त्याची एक नोंद चुकली नव्हती. त्याचा पासवर्ड म्हणजे बैलाचं नाव आणि पुढे एक. "दुसरा बैल घेतला की दोन करीन," म्हणायचा.

त्याच्या पाळीचा तिसरा दिवस. मी त्याच्या खुर्चीवर, बाजूला पुस्तक उघडं. कोणाला कुठवर आत येऊ द्यावं, या विषयाचं प्रकरण. त्याच दुपारी ओतीव भागांची गाडी आली. एकशेवीस नग. मी एक डोळा पुस्तकात ठेवून दहाही बोटांनी झपाझप टाइप केलं: बाराशे.

आठवड्याने भर दुपारी मशीनं थांबली. कंप्युटर सांगत होता माल भरपूर आहे, मांडणी रिकामी होती. वेळेवर जायचा माल गेला नाही. साहेब स्टोअरमध्ये आले आणि त्यांच्या आवाजाने पत्रे वाजले. "नोंद कोणाची आहे ते काढा!" ती कंप्युटरमधून काढून छापायचं काम माझंच. मीच छापली. त्या ओळीपुढे बुधाचं नाव होतं.

साहेबांनी त्याला बोलावलं. मी प्रिंटरपाशी उभा होतो.

"हा पासवर्ड तुझा?"

"हा, माझाच."

"मग ही नोंद तुझीच?"

बुधाने माझ्याकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं. एकदा तरी बघायला हवं होतं, मग कदाचित मी बोललो असतो. असं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. तो फरशीकडे बघत म्हणाला, "माझ्या नावात झालं ना, मंग माझंच."

"शिकवून उपयोग नाही तुम्हा लोकांना," साहेब म्हणाले. "चौकशी होईपर्यंत घरी बस."

माझ्या हातात तो कागद होता, प्रिंटरमधून आलेला, गरम. मी त्याच्या कडा सरळ करत राहिलो.

इथून पुढचे आठ दिवस मी घरच्या गोष्टीत सांगत नाही.

त्या आठ दिवसांत मी ज्यांचा काही संबंध नव्हता अशा सगळ्यांवर रागावलो. एसटी उशिरा आली म्हणून कंडक्टरवर. डाळीत मीठ कमी म्हणून सुनंदावर, आणि दुसऱ्या दिवशी जास्त म्हणून. आईने पुस्तक उचलून पुन्हा बरणीवर ठेवलं, तेव्हा मी असा ओरडलो की ती म्हातारी चुलीपुढून उठून शेजारी जाऊन बसली. बुधावर तर सर्वांत जास्त. का नाही बोलला हा? एक बोट माझ्याकडे करायचं होतं. त्याच्या गप्प बसण्याने मला ज्या जागी नेऊन उभं केलं होतं तिथून हलता येत नव्हतं. आणि मनात हुशारी चालू होती. आधी परीक्षा होऊ दे. कायम होऊ दे. मग सांगू. कायम झालेल्या माणसाच्या शब्दाला वजन असतं, कंत्राटी माणसाचं कोण ऐकतो? हे असं सगळं मी बांधावर बसून, पुस्तक मांडीवर घेऊन, अगदी मुद्देसूद ठरवलं होतं.

आठव्या दिवशी आमची झोडणी होती. खळं सारवून तयार होतं. सावडीची माणसं येऊ लागली, आणि त्यांच्यात बुधा. नेहमीसारखा, टॉवेल डोक्याला गुंडाळून. आईला म्हणाला, "काय गो मावशी, यंदा कणीस भरलंय." आणि पेंढी उचलून दगडावर झोडायला लागला. दाणे उडत होते. मी त्याच्या समोरच्या दगडावर झोडत होतो. आमची लय एक झाली होती, ती मोडावी म्हणून मी मुद्दाम मधेच थांबायचो. तोही थांबायचा. मग पुन्हा एक.

दुपारी भाकरीला बसलो. तो अगदी सहज म्हणाला, "भाऊ, अभ्यास कुठवर आला?"

माझा ताबा सुटला.

"तुला काय करायचंय माझ्या अभ्यासाशी? कशाला आलास तू? कोणी बोलावलं होतं तुला?"

आईचा हात भाकरीवर राहिला.

"बोलवाया कशाला लागतं?" बुधा म्हणाला. "पाळी तुमची हाय."

"अरे, तुझी नोकरी जायला निघालीय आणि तू माझं भात झोडतोस?"

"नोकरी गेली नाय अजून. चौकशी हाय." तो हसला. "आनि भातानं काय गुन्हा केलाय, भाऊ?"

बाकीचेही हसले. मला त्या हसण्याचा इतका संताप आला की मी भाकरी टाकून उठलो आणि विहिरीपाशी गेलो. मागून सुनंदा आली. कमरेवर हात.

"त्या गरिबावर कशाला भुंकलात?"

मी सांगितलं. नोंद कोणी केली, पुस्तक कुठे उघडं होतं, सगळं. तिने पाण्याकडे तोंड फिरवलं.

"आज मी त्याला दोनदा भाकर वाढली," ती म्हणाली. "म्हनली, घे रे, लाजू नको. आनि तो 'हा वैनी, हा वैनी' करत खात होता." मग माझ्याकडे वळली. "उद्या साहेबाला सांगा. नायतर मी जाते. मुरबाडची बस मलाबी कळते."

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं. हेच ते वाक्य, ज्यावर घरचे हसतात. साहेब, ही चूक माझी आहे. छाती वगैरे काही पुढे काढली नव्हती. हात मागे बांधले होते, शाळेत बांधतात तसे.

साहेबांनी वरही बघितलं नाही. "मला माहीत आहे," म्हणाले.

"म्हणजे?"

"त्या दिवशी त्याच्या खुर्चीवर तू होतास ते सुपरवायझरने मला त्याच दिवशी सांगितलंय." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "बस. नीट ऐक. तुझं नाव मी परदेशात कळवलंय. परवा तुझी परीक्षा आहे. तुला काढलं तर मी त्या रकान्यात कोणाला लिहू? शिपायाला? आणि तू कबूल झालास म्हणून तो सुटतो का? तो तीन दिवस कामावर नव्हता आणि हजेरी लागलीय. त्यासाठी त्याला काढायलाच लागणार. एक जायचाय तिथे दोन जातील. तूच सांग, फायदा कोणाचा?"

"मग मीही तीन दिवस नव्हतो साहेब."

"ते मला कुठे माहीत आहे?" ते म्हणाले, आणि हसले.

ते हसू माझ्या डोळ्यांपुढून आजही जात नाही. त्या हसण्यात मला घेतलं होतं. आपण दोघे शहाणे, असं ते हसू होतं. त्या क्षणी टेबल उलथायला हवं होतं. मी काय केलं? मी विचार केला. साहेबांचं म्हणणं मनात उलटंसुलटं करून पाहिलं, त्यात खोट सापडली नाही. चारही उत्तरं बरोबर होती. मी "बरं साहेब" म्हणून बाहेर आलो आणि परवा ठाण्याला परीक्षेला गेलो.

थंड खोली, रांगेत मशीनं, कानात घड्याळाच्या टिकटिकीशिवाय काही नाही. मला येत होतं. इतका अभ्यास झाला होता की प्रश्न वाचून पुरा व्हायच्या आत उत्तर दिसायचं. निम्म्याच्या पुढे कुठेतरी हा प्रश्न आला. एका कर्मचाऱ्याच्या पासवर्डने कोणीतरी चुकीचं काम केलं. जबाबदारी कोणाची? खाली चार उत्तरं. ज्याने केलं त्याची. ज्याने पाहिलं आणि गप्प बसला त्याची. ज्याने असं चालू दिलं त्या अधिकाऱ्याची. ज्याचा पासवर्ड त्याची.

पुस्तकाप्रमाणे सर्वांत बरोबर उत्तर शेवटचं. मला माहीत होतं.

मी हात मांडीवर ठेवले. वेळ पडद्यावर कोपऱ्यात कमी कमी होत होता. एक प्रश्न सोडला असता तरी पास झालो असतो, हेही मला माहीत होतं. कोणी बघत नव्हतं. चुकीचं उत्तर द्यायला काही लागणार नव्हतं. मी बरोबर उत्तर दिलं.

निकाल लगेच पडद्यावर आला. पास. बाहेर आलो आणि रस्त्यावरच्या एका दुभाजकाला लाथ मारली. अंगठ्याचं नख काळं झालं. घरी सुनंदाने दारातच विचारलं, "झालात?" मी मान हलवली. "आनि बुधाचं?" मी आत गेलो. ती पाठोपाठ आली नाही.

सोमवारी साहेबांनी पेढा दिला आणि त्यासोबत एक टाइप केलेला कागद. माहिती सुरक्षेच्या भंगाचा अहवाल. दोषीच्या नावापुढे बुधाचं पूर्ण नाव. कार्यवाही: कामावरून कमी. खाली, 'सुरक्षा अधिकारी' या शब्दांवर, सहीसाठी मोकळी जागा. "तुझ्या हुद्द्याची पहिली सही," ते म्हणाले. मी म्हटलं, उद्या देतो. कागद घडी करून खिशात घातला आणि संध्याकाळी धसईला उतरून डोंगराची वाट धरली.

कशाला गेलो होतो ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं, आता कळतं. मी बुधाला विचारायला गेलो होतो. त्याने 'करा सही' म्हटलं असतं तर मी केली असती, आणि जन्मभर सांगत फिरलो असतो, अरे त्यानेच सांगितलं होतं. स्वतःच्या डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवायलासुद्धा मी त्याचंच अंगण शोधलं.

तो गोठ्याचा कूड बांधत होता. मी सगळं सांगितलं. चूक, साहेबांना सांगितलेलं, परीक्षा, कागद. कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला, दोन्ही वेळा शेवटपर्यंत. मग मी म्हटलं, "बुधा, तूच सांग, मी काय करू?"

बुधाला रागावलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्याचा आवाज चढला नाही. चेहरा मात्र दगडासारखा झाला.

"मला इचाराया आलात?" तो म्हणाला. "नोकरी माझी गेली. चूक तुमची. आनि आता इचारबी मीच करू?"

"तसं नाही रे—"

"त्या दिवशी खळ्यावं मी दिसभर होतो, भाऊ. तुमी माझ्यावं वरडलात. मला वाटलं, आता बोलतील. वरडून झालं की मानूस बोलतो. तुमी हिरीकडं गेलात." त्याने कागद घडीवर घडी घालून मला परत दिला. "आता जा. काय लिवायचं त्ये लिवा. मला सांगू नका."

तो कुडाकडे वळला. घरातून कोणी बाहेर आलं नाही. उतरताना अंधार नव्हता, तरी दोनदा ठेचकाळलो.

दुसऱ्या दिवशी मी त्या कागदावरचं बुधाचं नाव खोडलं, माझं लिहिलं, खाली सही केली. साहेबांनी वाचून फाडला. मी पुन्हा टाइप केला, छापला, सही केली. त्यांनी पुन्हा फाडला. प्रिंटर माझ्या ताब्यात होता. मी बारा प्रती काढल्या आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. "एक परदेशी जायच्या फॉर्मच्या पाकिटात घातलीय," म्हटलं. साहेबांनी वरची प्रत उचलली आणि परत गठ्ठ्यावर ठेवली. मग म्हणाले, "गाढवा, तुला मी कायम करणार होतो रे."

यावर मी काहीतरी जळजळीत बोललो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी "सॉरी, साहेब" म्हणालो. बारा प्रती काढणारा वीरपुरुष सॉरी म्हणाला. त्याचाही राग येतो.

पाकीट जाण्याआधी उघडलं गेलं. त्या रकान्यात पुण्याच्या ऑफिसातल्या कोणाचं तरी नाव गेलं, आणि गिऱ्हाईक खूश झालं. मला काढलं नाही, प्रिंटर बघायला कोणी नव्हतं म्हणून. मी कंत्राटीच राहिलो, कारखाना बंद होईपर्यंत. आणि बुधा गेलाच, गैरहजेरीसाठी. तो कसाऱ्याला रेल्वेच्या कंत्राटी कामावर लागला, रुळांखाली खडी भरायला. बारावी झालेला, दोन वर्षांत एक नोंद न चुकलेला माणूस. साहेब म्हणाले होते त्यातलं अक्षरही खोटं ठरलं नाही. त्याने काय फरक पडतो? त्याची नोकरी माझ्या बोलण्याने वाचली नसती, हे खरं. पण मी बोललो नाही ते ती वाचणार नव्हती म्हणून नाही. माझी वाचत होती म्हणून. एवढं साधं वाक्य मनाशी म्हणायला मला वीस वर्षं लागली, आणि तोवर मी पोराबाळांना हसवत बसलो.

परवा, मुलगी ठाण्याला परत गेल्यावर, मी धसईच्या बाजारात गेलो होतो. बुधा तिथे करांद्याच्या कंदांची टोपली घेऊन बसला होता. आता कसारा सुटलंय त्याचं, केस पांढरे झालेत, गुडघे धरून उठतो. अधूनमधून दिसतो. बोलणं होतं ते पाऊस-पाण्याचं.

"घ्या भाऊ, कालच खणलेत," तो म्हणाला आणि माझी पिशवी ओढून त्यात करांदे भरायला लागला. मी पैसे काढले. तो घेईना. "ऱ्हाऊद्या."

"घे म्हणतो ना!" मी ओरडलो. आजूबाजूचे बघायला लागले. भाजीवाली म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

"रागावता कशाला?" बुधा म्हणाला.

"तुझ्यावर नाही रे."

"मंग कोनावं?"

त्याने खरंच विचारलं होतं. तराजू हातात तसाच धरून तो माझ्याकडे बघत होता. मी खाली बसलो, त्याच्या टोपलीपाशी, उकिडवा. म्हटलं, "मी परीक्षेला जायला नको होतं. तू घरी बसलेला असताना गेलो मी, बुधा. सगळं कळत असताना गेलो."

त्याने तराजू खाली ठेवला आणि टोपलीतले करांदे सारखे केले. मोठे वर, बारके खाली.

"त्ये मला तवाच कळलं होतं," तो म्हणाला. मग, अगदी शांतपणे, "फुडं?"

पुढे काही नव्हतं. मी इतकी वर्षं एवढंच सांगायला घेऊन फिरत होतो.

एक बाई टोपलीशी वाकून भाव विचारू लागली. बुधा तिच्याकडे वळला. मी पैसे तराजूखाली ठेवले, पिशवी उचलली आणि घराकडे चालू लागलो.